पुराव्याची विद्या

कला शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला आजच्या महाराष्ट्रात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, तो म्हणजे पुढे काय करणार. आणि पदवीसाठी त्याने इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान किंवा संस्कृत असा विषय निवडला, तर तोच प्रश्न अधिक काळजीच्या सुरात पुन्हा विचारला जातो. त्याला दिली जाणारी उत्तरे साधारणपणे दोन असतात. स्पर्धा परीक्षांना हे विषय उपयोगी पडतात हे पहिले, आणि साहित्य व इतिहास यांच्या अभ्यासाने माणूस सुसंस्कृत होतो हे दुसरे. पहिले उत्तर खरे असले तरी तोकडे आहे, कारण परीक्षेपुरता विषय वाचायला विद्यापीठाची तीन-चार वर्षे लागत नाहीत. दुसरे ऐकायला बरे वाटते, पण तपासून पाहिले तर टिकत नाही. कालिदास वाचलेली माणसे क्रूरपणे वागल्याची आणि अक्षरओळख नसलेली माणसे शहाणपणाने वागल्याची उदाहरणे कोणत्याही गावात सापडतात. मानव्यविद्यांचे मोल ठरवायचे असेल, तर त्या विद्यार्थ्याला नेमके काय करायला शिकवतात हे आधी पाहावे लागते.

मानव्यविद्या या नावाखाली विद्यापीठांत साधारणपणे भाषा आणि साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, पुरातत्त्व, कलेचा इतिहास हे विषय येतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांना सामाजिक शास्त्रे म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु ही सीमारेषा कच्ची असून इतिहासकाराला अर्थशास्त्राची आणि समाजशास्त्रज्ञाला लोकसाहित्याची गरज नेहमीच पडते. या विषयांना एकत्र बांधणारी गोष्ट त्यांच्या अभ्यासवस्तूच्या स्वभावात आहे. रसायनशास्त्रज्ञाला एखादी अभिक्रिया प्रयोगशाळेत पुन्हा घडवून पाहता येते. माणसांनी पूर्वी केलेली, लिहिलेली, बांधलेली किंवा मानलेली गोष्ट पुन्हा घडवता येत नाही. तिची साक्ष तेवढी उरते, आणि ती कधी जीर्ण कागद असते, कधी ताम्रपट, कधी खापराचा तुकडा, तर कधी जात्यावरची ओवी. प्रत्येक साक्ष अपुरी असते, पुष्कळदा सदोष असते आणि कोणाच्या तरी बाजूची असते. अशा साक्षींचे वजन कसे ठरवावे, दोन साक्षी परस्परविरोधी निघाल्या तर काय करावे, आणि पुरावा संपतो तेथे आपले विधानही कसे थांबवावे, याची शिस्त हा मानव्यविद्यांचा गाभा होय.

ही शिस्त किती व्यवहारी असते हे मराठी वाचकाला शिवजन्माच्या तारखेवरून सहज कळावे. शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इ.स. १६२७ मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते आणि त्याला आधार होता तो उत्तरकालीन बखरींचा. बखर म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींचे गद्य कथन. ते अनेकदा पिढ्या उलटून गेल्यावर, ऐकीव माहितीवर आणि एखाद्या घराण्याच्या गौरवासाठी लिहिले जाई. पुढे १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे घटनांच्या तिथीवार नोंदींची यादी, आणि ही यादी भोर संस्थानातील कारी गावच्या ज्या जेधे देशमुखांच्या घरी जपली गेली, त्यांचे पूर्वज कान्होजी जेधे हे शिवाजी महाराजांचे प्रत्यक्ष सहकारी होते. तिच्यात जन्मतिथी होती शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. महाराजांच्याच हयातीत कवींद्र परमानंदाने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची पोथी तंजावरला मिळाली, तिच्यातही हीच तिथी निघाली; आणि राजस्थानात जोधपूरला सापडलेल्या जन्मकुंडल्यांच्या संग्रहातील कुंडलीही तिच्याशी जुळली.

आता मते मोजायची म्हटली, तर १६२७ च्या बाजूच्या बखरी संख्येने कमी नाहीत. पण एका बखरीवरून दुसरी उतरली असेल, तर दोघी मिळून साक्षीदार एकच ठरतो, कारण दुसरीला पहिलीपेक्षा वेगळे काही ठाऊक नसते. उलट मावळातले घराणे, तंजावरची पोथी आणि मारवाडातला ज्योतिषी यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याची शक्यता अतिशय कमी आहे, आणि ते एकच तिथी सांगत असतील, तर त्यांच्या सांगण्याला बखरींच्या ढिगापेक्षा अधिक वजन द्यावे लागते. साक्षीदार घटनेपासून किती जवळचा, तो स्वतंत्र आहे की दुसऱ्याचे ऐकून बोलणारा, आणि खोटे बोलण्यात त्याचा काही लाभ होता का, हे येथे विचारायचे तीन प्रश्न. न्यायालयात वकील हेच विचारतो, आणि भ्रमणध्वनीवर आलेला, शंभर जणांनी पुढे ढकललेला ‘ऐतिहासिक’ मजकूर वाचणाऱ्यानेही हेच विचारायला हवे. तो शंभर ठिकाणांहून आला, तरी साक्षीदार एकच असतो. राज्य शासनाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी १६३० ची तारीख अधिकृत मानली, म्हणजे कागद बाहेर आल्यापासून जवळजवळ पंच्याऐंशी वर्षांनी. पुरावा तयार असला, तरी समाज तो लगेच स्वीकारतो असे नाही, ही त्यातली वेगळी शिकवण.

याच पद्धतीचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग पुण्यात झाला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले. चिकित्सक आवृत्ती म्हणजे एखाद्या ग्रंथाच्या उपलब्ध हस्तलिखितांची तुलना करून, त्यांच्यामागे असलेल्या सर्वांत जुन्या रूपापर्यंत पुराव्याच्या आधारे जितके जाता येईल तितके जाऊन सिद्ध केलेली संहिता. छपाईपूर्वी प्रत्येक पोथी हाताने उतरवली जाई, आणि उतरवणारा कधी थकून ओळ गाळी, कधी समासातली टीप मूळ मजकुरात घेई, कधी आपल्या गावी लोकप्रिय असलेली कथा श्रद्धेने घालून देई. शतकानुशतके हे चालल्यावर काश्मीरचे महाभारत वेगळे, बंगालचे वेगळे आणि केरळचे आणखी वेगळे झाले. या फरकांना पाठभेद म्हणतात, आणि नंतर घातलेल्या मजकुराला प्रक्षेप.

महाराष्ट्राला आणि उत्तर भारताला जे महाभारत सर्वाधिक परिचित होते, त्यामागे गोदाकाठच्या कोपरगावाहून काशीला जाऊन राहिलेल्या नीलकंठ चतुर्धराची सतराव्या शतकातील टीका होती. नीलकंठानेही वेगवेगळ्या प्रदेशांतील पोथ्या मिळवल्या होत्या, मात्र त्याचा हेतू होता त्यांतले उत्तम ते सारे एका ठिकाणी आणण्याचा. श्रोत्याच्या आणि भाविकाच्या दृष्टीने तो योग्यच होता; पण ग्रंथ कसा वाढत गेला हे शोधू पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्याने अनेक काळांचे थर एकमेकांत मिसळून टाकले. १९२५ मध्ये प्रमुख संपादक झालेल्या विष्णु सीताराम सुखटणकरांचे काम नेमके उलट्या दिशेचे होते. केंब्रिजला गणित शिकून नंतर बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतचे संशोधन केलेल्या या विद्वानाने पोथ्यांची घराणी लावली. ज्या पोथ्यांत एकच चूक किंवा एकच भर सामाईक आहे त्या एका पूर्वजापासून आल्या, हे त्यामागचे तत्त्व. मग शारदा लिपीतली काश्मीरची संक्षिप्त परंपरा आणि मल्याळम लिपीतली दक्षिणेची परंपरा, भौगोलिकदृष्ट्या इतक्या दूर असूनही एखाद्या पाठावर एकमत झाल्या, तर तो पाठ जुना मानायचा. आणखी एक नियम असा की, दोन पाठांपैकी एक कठीण व दुसरा सोपा असेल, तर बहुधा कठीण पाठ मूळचा समजावा, कारण लेखनिक अवघड शब्द सोपा करून टाकतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड करीत नाही.

हे काम कसे चाले याचे वर्णन कंटाळवाणे वाटेल, पण विद्यापीठीय अभ्यासाची खरी चव त्या कंटाळ्यातच आहे. प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र कागद घेऊन त्यावर आधारभूत पाठ लिहायचा, आणि त्याखाली प्रत्येक पोथीतला फरक अक्षराअक्षराने नोंदवायचा. तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, बंगाली, मैथिली, नेवारी, शारदा अशा लिपी वाचणारी माणसे त्यासाठी मिळवायची किंवा तयार करायची. पुण्याबाहेर शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठ जुळवण्याची केंद्रे चालवायची. एकूण बाराशेंहून अधिक पोथ्या या कामी पडताळल्या गेल्या. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यासारख्या संस्थानिकांचे द्रव्यसाहाय्य त्यामागे होते. १९४३ मध्ये सुखटणकर वारले तेव्हा काम अर्धेही झाले नव्हते. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले, आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. परंपरेने लाख श्लोकांचा म्हटला जाणारा हा ग्रंथ सिद्ध संहितेत सुमारे पाऊण लाखावर आला. उरलेले श्लोक कोणी फेकून दिले नाहीत. ते तळटिपांत आणि परिशिष्टांत कोणत्या पोथीत काय आहे या नोंदीसह छापले गेले, म्हणजे संपादकाचा निर्णय चुकला असे ज्याला वाटेल त्याला तो त्याच पानावर तपासता यावा. आपल्या मताविरुद्ध वापरता येईल असा पुरावा आपणच वाचकाच्या हाती ठेवणे, ही या विद्येची सर्वांत दुर्मीळ सवय आहे.

निष्कर्ष अनेकांना धक्का देणारे होते. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही सर्वांच्या ओळखीची कथा मूळ संहितेत बसेना आणि परिशिष्टात गेली. द्रौपदीने स्वयंवरात कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारल्याचा प्रसंगही तसाच बाजूला पडला. द्यूतसभेत द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक सभापर्वाच्या सिद्ध संहितेत नाहीत. वस्त्रे निघत राहतात, पण ती कोणी पुरवली हे तेथे सांगितलेले नाही. गंमत अशी की, त्याच आवृत्तीच्या उद्योगपर्वात दूर असलेल्या आपल्याला द्रौपदीने हाक मारली होती आणि ते ऋण आपल्यावर आहे, असे कृष्ण बोलून दाखवतो. मग धाव्याचे श्लोक उशिराचे, पण धाव्याची आठवण जुनी, असे मानायचे का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहेत. फ्रेंच विदुषी मादलेन बियार्दो यांनी तर मौखिक परंपरेत वाढलेल्या ग्रंथाला असे एक जुने रूप शोधणेच चूक आहे, असा मूलभूत आक्षेप घेतला होता, आणि तो हलका नाही. मतभेद मिटले नाहीत याचा अर्थ ज्ञान झाले नाही असा होत नाही. वाद आता कोणत्या श्लोकांवर आणि कोणत्या कारणांनी आहे हे काटेकोरपणे सांगता येते, आणि पूर्वी ते सांगता येत नव्हते. सामान्य मराठी वाचकापर्यंत या चिकित्सेचे फळ पोचले ते इरावती कर्वे यांच्या १९६७ च्या ‘युगान्त’मुळे, ज्यात पुण्याच्या या आवृत्तीचा आधार घेऊन महाभारतातील पात्रांकडे माणसे म्हणून पाहिलेले आहे.

येथे एक रास्त शंका निघते. भांडारकर संस्था स्थापन झाली तेव्हा विद्यापीठ नव्हती. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून काढले ते कोणत्याही प्राध्यापकपदावर न बसता, आणि १९१० मध्ये पुण्यात उभे राहिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ हीदेखील हौशी अभ्यासकांचीच संस्था. तर मग विद्यापीठ कशाला हवे? राजवाडे हे डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या पदवीधरांपैकी होते, असे उत्तर देता येईल. पण तेवढ्याने भागत नाही, कारण असामान्य बुद्धीचा माणूस कोठेही शिकतो. खरा प्रश्न असामान्य माणूस गेल्यानंतरचा आहे. एका माणसाचे कौशल्य पुढच्या तीस सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची सोय नसेल, तर ते कौशल्य त्याच्याबरोबर जाते.

मोडी लिपीचे तसेच झाले. यादवकाळापासून वापरात आल्याचे मानल्या जाणाऱ्या आणि हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी घडलेल्या या लिपीत मराठी राज्याचा जवळजवळ सारा कारभार चालला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती व्यवहारात राहिली. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापले, तरी ती निवडच होती. छापखान्यासाठी आणि शाळेसाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी, पुरेशी आहे असे ठरल्यावर मोडीचे शिक्षण थांबले, आणि दोन पिढ्यांत स्वतःच्या आजोबांचे खरेदीखत वाचता न येणारा समाज तयार झाला. विद्यापीठांच्या इतिहास विभागांतही मोडी बहुधा पर्यायी अभ्यासक्रमापुरती उरली.

मग २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदी शोधण्याचा प्रश्न राज्यात पेटला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तहसील कचेऱ्यांतील आणि अभिलेखागारांतील जुनी दप्तरे उघडली गेली, आणि त्यांतली पुष्कळशी मोडीत असल्याने ती वाचणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी याचा विचार येथे करायचा नाही. येथे पाहायचे ते इतकेच की, वर्षानुवर्षे निरुपयोगी ठरवलेल्या एका कौशल्यावर अचानक लाखो कुटुंबांचे कागदोपत्री भवितव्य अवलंबून राहिले. शिवाय अशा कामाला केवळ अक्षरे लावता येऊन पुरत नाही. एखाद्या नोंदवहीतील जातीचा उल्लेख कोणी, कोणत्या कारणासाठी, कोणाच्या सांगण्यावरून केला, त्या काळी त्या शब्दाने व्यवसाय सूचित होत होता की जात, नंतर कोणी वेगळ्या शाईने भर घातली आहे काय, हे पाहावे लागते. लिपी काही महिन्यांच्या वर्गात शिकता येते, पण हे प्रश्न विचारण्याची सवय त्यात लागत नाही.

विद्यापीठ हवे असण्याचे दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. कागद तपासण्याची विद्या ज्यांच्या हाती असते, त्यांच्या हाती भूतकाळ असतो, आणि महाराष्ट्रात ती दीर्घकाळ मोजक्या जातींच्या हाती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्यतेमुळे ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे अर्थशास्त्राबरोबरच इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र यांचे वर्ग त्यांनी केले, आणि १९१६ मध्ये अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध वाचला. पुढे १९४६ मध्ये शूद्रांच्या मूळ स्थानाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिताना त्यांनी पुरुषसूक्तापासून धर्मशास्त्रापर्यंतची साधने तपासली, आणि आपल्याला संस्कृतचा अधिकार नाही असे म्हणणाऱ्यांना प्रस्तावनेतच उत्तर दिले. त्यांचे प्रत्येक अनुमान नंतरच्या अभ्यासकांनी मान्य केले असे नाही. मात्र ज्या ग्रंथांच्या नावाने माणसाला दूर ठेवले गेले, तेच ग्रंथ त्याने पुराव्याच्या टेबलावर आणून ठेवावेत, ही घटना विद्यापीठीय शिक्षणाशिवाय अशक्य नसली तरी फार अवघड झाली असती.

आंबेडकरांनी हे स्वतःपुरते ठेवले नाही. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, आणि परिसराला नागसेनवन. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला एकामागून एक अडचणीचे प्रश्न विचारणारा जो ग्रीक वंशाचा राजा आहे, त्याचे हे नाव. विद्यार्थ्याने राजासारखे प्रश्न विचारावेत आणि उत्तर पटले तरच मान डोलवावी, अशी अपेक्षा त्या नामकरणात दिसते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली मुले तेथे साहित्य, इतिहास, पाली शिकली. प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी दलित अनुभवाची तुलना मराठीत आणली, गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ नियतकालिक दीर्घकाळ चालवले, आणि दलित साहित्याच्या चळवळीला नागसेनवनातून मोठे बळ मिळाले. मानव्यविद्या हा खात्यापित्या घरांचा छंद आहे, या समजुतीला महाराष्ट्राच्या इतिहासातच इतके ठळक उत्तर असताना ती अजून टिकून आहे, हे नवलच.

विज्ञानाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला या साऱ्याशी कर्तव्य नाही, हीदेखील अशीच एक समजूत. गोव्यातील कोसबेन येथे १९०७ मध्ये जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिती होते. त्यांनी प्राचीन भारताची हजारो आहत नाणी, म्हणजे ठशांनी चिन्हे उमटवलेली चांदीची नाणी, अचूक तराजूवर तोलली. हातोहाती फिरताना नाणे झिजते, म्हणून नाण्यांच्या एकेका गटाच्या सरासरी घटीवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज संख्याशास्त्राने बांधता येतो, आणि त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो. त्याच माणसाने भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. सुखटणकरही मूळचे गणिताचेच, हे वर आलेच आहे. देशातील तंत्रशिक्षण संस्थांत, मुंबईच्या आयआयटीसह, मानव्यविद्यांचे विभाग आहेत आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय पदवीवर भर दिला आहे. परंतु वेळापत्रकात एखादा तास टाकल्याने कोसंबी तयार होतील, अशी आशा कोणी बाळगू नये.

या विद्येचे इतके मोल असूनही तिच्या पदवीला बाजारात किंमत का नाही, याचे उत्तर देताना दोष केवळ समाजाच्या दृष्टीवर ढकलणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. महाराष्ट्रातील असंख्य महाविद्यालयांत इतिहासाचा पदवीधर एकही मूळ कागद न पाहता, मराठीचा पदवीधर एकाच कवितेचे दोन पाठ शेजारी ठेवून न वाचता, आणि तत्त्वज्ञानाचा पदवीधर एकाही युक्तिवादाचे स्वतःच्या शब्दांत खंडन न करता बाहेर पडतो. गाईडमधील उत्तरे, परीक्षेच्या आदल्या आठवड्यातील ‘अपेक्षित प्रश्न’ आणि निम्मी रिकामी बाके, यांतून जी पदवी मिळते तिच्यावर मालकाने विश्वास ठेवावा असे काही तिच्यात नसते. अध्यापकाची स्थिती याहून बिकट आहे. कायम पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत आणि पीएच.डी. झालेली माणसे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन-तीन महाविद्यालयांत धावत राहतात. निबंध तपासून, समासात शेरे लिहून, तो विद्यार्थ्याकडून पुन्हा लिहवून घेणे हा या विद्येचा प्राण आहे, आणि तासाला पैसे मिळणाऱ्या माणसाकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरते.

पोटापाण्याचा हिशेबही टाळू नये. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय पदवीइतकी सरळ नोकरी कला शाखेतून मिळत नाही, पहिला पगार बहुधा कमी असतो, आणि कर्ज काढून शिकणाऱ्या घराने त्याचा विचार करणे चुकीचे नाही. उलट बाजूने, कायदा, पत्रकारिता, प्रशासन, अनुवाद, ग्रंथसंपादन, संग्रहालये आणि अभिलेखागारे यांत लागणारे मुख्य काम, म्हणजे अवघड मजकूर नीट वाचणे, त्यातली फट ओळखणे आणि स्वतःचे म्हणणे पुराव्यासह मांडणे, हे याच अभ्यासातून येते. ज्याला ते खरोखर येते तो उपाशी राहत नाही. ज्याच्याकडे केवळ पदवीचा कागद आहे त्याची खात्री देता येत नाही, आणि आज दुसऱ्या प्रकारचे पदवीधर संख्येने फार आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ अलीकडेच सुरू झाले आहे. जागेची निवड विचारपूर्वक झाली आहे, कारण चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते याच गावाच्या आसऱ्याने. मूळ ग्रंथ पुढे धामधुमीत नाहीसा झाला, शिष्यांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला, आणि त्यामुळे त्याचे अनेक पाठ निर्माण झाले. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ आणि सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिपींत लिहून ठेवले, आणि त्यांतील सकळ लिपीचा उलगडा राजवाड्यांनी केला नसता तर या वाङ्मयाचा बाहेरच्या जगाला पत्ताच लागला नसता. मराठीतील पहिल्या मोठ्या गद्यग्रंथापुढे पाठभेदांचे हे सारे प्रश्न अजून खुले आहेत. ते सोडवायला सांकेतिक लिपी वाचणारे, पोथ्यांची घराणी लावता येणारे, पंथीय परंपरेचा आदर ठेवूनही तिला प्रश्न विचारणारे पाच-दहा तरुण अभ्यासक लागतील, त्यांना घडवायला दहा-पंधरा वर्षे लागतील, आणि तेवढा काळ एका जागी बसून शिकवणारे, कायम नेमणुकीचे अध्यापक त्याआधी लागतील.